उद्यानातील भूतवन आणि आपला खारेपाट

(रायगड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर 'निसर्ग, कला आणि आपण' असा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या उमटल्या, हे माझ्या कानावर आले आहे. भाताच्या भावाचा प्रश्न तसाच पडून आहे, बांधांची कामे रखडली आहेत, आणि वक्ते न्यूयॉर्कमधील एका बागेतल्या झाडांविषयी बोलणार! हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. चळवळीचा वेळ हा कष्टकऱ्यांचा वेळ असतो आणि तो कुणी कशापायी खर्च केला, याचा जाब विचारण्याचा कार्यकर्त्यांना पुरता अधिकार आहे. माझे म्हणणे एवढेच, की आपल्या बांधावर जे खारे पाणी चढते आहे तेच पाणी त्या बागेत उभ्या केलेल्या झाडांच्या मुळांनाही लागले होते. तेथील लोकांनी त्या मरणाचे काय केले आणि आपण आपल्या नुकसानीचे काय करतो, ही तुलना आपल्या कामाची आहे, असे मला वाटते.

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन विभागात मॅडिसन स्क्वेअर पार्क नावाचे सुमारे सहा एकरांचे सार्वजनिक उद्यान आहे. भोवती उंच इमारती, विमा कंपनीचा जुना मनोरा, श्रीमंत वस्ती. २०२१ सालच्या १० मे रोजी या उद्यानातील हिरवळीवर माया लिन या शिल्पकर्तीने ४९ मेलेली झाडे उभी केली. झाडांचे पुतळे किंवा चित्रे नव्हेत, तर पाने गळून राखाडी पडलेली, सुमारे चाळीस फूट उंचीची खरी झाडे. अटलांटिक व्हाइट सीडर या जातीची, समुद्रकिनाऱ्यालगतच्या दलदलीत सरळसोट वाढणारी ही झाडे शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील पाइन बॅरन्स नावाच्या वनप्रदेशातून आणली होती. त्या जागी जंगल पुन्हा उभे राहावे म्हणून ती तशीही काढून टाकावयाची होती. तेव्हा कलेपायी जिवंत झाडे तोडली, असा आरोप बाईंवर करता येणार नाही. या रचनेचे नाव 'घोस्ट फॉरेस्ट'. आपण त्याला भूतवन म्हणू. हा शब्द लिनबाईंनी कल्पनेतून काढलेला नाही. खारे पाणी शिरून उभ्याच्या उभे वाळलेले किनाऱ्याचे जंगल, या अर्थाने अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ तो वापरतात.

खरे तर हे वन २०२० साली उभे राहावयाचे होते. महामारीमुळे वर्ष लांबले. म्हणजे ज्या शहराने आपली माणसे घाईघाईने पुरली होती, ज्यांना अखेरच्या क्षणी भेटताही आले नव्हते, त्या शहरातील लोक या झाडांखाली येऊन बसले. १४ नोव्हेंबरपर्यंत झाडे तेथे होती. वसंतात भोवतालची जिवंत झाडे पालवली, उन्हाळ्यात दाट झाली, शरदात पिवळी पडली, आणि मधली ४९ झाडे मात्र होती तशीच उभी राहिली. दुसरे काही घडत नव्हते. मॅनहॅटन बेटावर एके काळी जे प्राणी आणि पक्षी मुबलक होते त्यांचे आवाज, अस्वलासारख्या श्वापदांचे आवाज, एका विद्यापीठाच्या पक्षीविद्या-केंद्राच्या संग्रहातून निवडून ठेवलेले होते. आपापल्या दूरध्वनीवर ते ऐकावयाचे आणि त्या खोडांमधून हिंडावयाचे. एवढेच.

आता आपल्यातील एखादा करडा साथी म्हणेल, की ही श्रीमंतांची रडण्याची हौस आहे. सकाळी शेअर बाजारात तेल कंपन्यांचे रोखे घ्यावयाचे आणि दुपारी मेलेल्या झाडाखाली बसून उसासे टाकावयाचे. या टीकेत तथ्य आहे, ते आधी सांगून टाकतो.

हे उद्यान शहराच्या मालकीचे आहे, पण त्याची देखभाल एक खाजगी न्यास करतो आणि त्यासाठी लागणारा पैसा देणग्यांतून व भाड्यांतून उभा करतो. हे असे का झाले? १९७५ साली न्यूयॉर्क शहराची तिजोरी रिकामी झाली, सावकारी पेढ्यांनी शहराचे नाक दाबले आणि उद्यानांवरचा खर्च निर्दयपणे छाटला गेला. उद्याने उकिरडे झाली. मग १९८० साली सेंट्रल पार्कसाठी धनिकांच्या देणग्यांवर चालणारी संस्था निघाली आणि हाच नमुना पुढे इतरत्र उचलला गेला. ज्या उद्यानाच्या कडेला धनिक राहतात ते उद्यान फुलते. ज्याच्या कडेला मोलमजुरी करणारे राहतात त्याला देणगीदार कोठून मिळणार? सार्वजनिक मालमत्तेची ही वर्गवार वाटणी होय. आपल्याकडेही ती येऊ घातलेली आहे. मुंबई महापालिकेने मोकळी मैदाने व उद्याने खाजगी संस्थांना 'दत्तक' देण्याचे धोरण २०१६ साली आणले तेव्हा नागरिकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि त्याला स्थगिती द्यावी लागली. पोर ज्यांचे त्यांनीच ते टाकावयाचे आणि शेजारच्या सावकाराने दत्तक घ्यावयाचे, असला हा प्रकार आहे.

याच उद्यानाची एक जुनी गोष्ट जाता जाता सांगतो. स्वातंत्र्यदेवतेच्या प्रचंड पुतळ्याचा मशाल धरलेला हात १८७६ पासून १८८२ पर्यंत याच मॅडिसन स्क्वेअरमध्ये मांडून ठेवलेला होता. पैसे देऊन लोक आत शिरत आणि मशालीच्या सज्जात चढत. चौथऱ्यासाठी निधी जमवण्याची ती युक्ती होती. तरीही पैसा पुरेना. अखेर १८८५ साली एका वृत्तपत्राने आवाहन केले तेव्हा एक लाखाहून अधिक सामान्य लोकांनी, बहुतेकांनी एका डॉलरहूनही कमी, वर्गणी देऊन ते काम तडीला नेले. त्या शहरात धनिकांच्या न्यासाआधी गरिबांची वर्गणी होऊन गेली आहे, हे आपल्यासारख्या डबे फिरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

तेव्हा पैसा कुणाचा, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो विचारून झाला म्हणजे सर्व सांगून झाले, असे मानण्याची जी सवय आपल्याला लागली आहे ती मला मान्य नाही. पैसा कुणाचाही असो, त्या झाडांनी काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे पाहिले पाहिजे.

त्यांनी सांगितले ते असे. हे सीडरचे वन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एके काळी सुमारे पाच लाख एकरांवर होते. आता ते पन्नास हजार एकरांच्याही खाली आले आहे. त्याची हानी समुद्राने सुरू केली नाही. वसाहतवाल्यांनी ती सुरू केली. हे लाकूड हलके, न कुजणारे. छपरांच्या फळ्यांसाठी आणि होड्यांसाठी ते दोन-तीन शतके तोडले गेले. दलदली उपसून शेते आणि वस्त्या झाल्या. जे उरले त्यावर आता समुद्र चालून येतो आहे. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर गेल्या शंभरेक वर्षांत समुद्राची पातळी सुमारे दीड फुटाने वाढली. तेथील जमीनही हळूहळू खचते आहे, त्यामुळे ही वाढ जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. २०१२ च्या सँडी वादळासारखा तडाखा आला म्हणजे खारे पाणी आत घुसते आणि गोड्या पाण्यावर जगणारे झाड मुळापासून गुदमरते. हे मरण एकदम येत नाही. शेंड्याकडून वाळत वाळत ते खाली उतरते. खारेपाटातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. एकदा खारे पाणी शिरलेल्या खाचरात पुढचे काही पावसाळे मीठ धुऊन निघेपर्यंत भाताचा कोंब कसा पिवळा पडतो, हे आपण पाहत आलो आहोत.

आणि त्या झाडांनी जे सांगितले नाही ते असे, की समुद्र कुणी चढवला. माहितीच्या फलकावर हवामानबदलाचा उल्लेख असतो, पण हवामानबदल हा काही गुन्हेगार नव्हे. तो गुन्ह्याचा परिणाम आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून आजवर जगाच्या हवेत जेवढा कर्बवायू सोडला गेला त्याचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. न्यूयॉर्क ही त्या व्यवहाराची पेढी. भूतवन त्या पेढीच्या अंगणात उभे होते आणि पेढीचे नाव त्यावर नव्हते.

लिनबाईंच्या बाबतीत ही उणीव मला अधिक खटकते, कारण नावांचे बळ त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसेल. १९८१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, विद्यार्थिनी असताना त्यांनी वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाची स्पर्धा जिंकली. जमिनीत खोल उतरत गेलेली काळ्या ग्रॅनाइटची भिंत आणि तिच्यावर मेलेल्या सैनिकांची नुसती नावे. अठ्ठावन्न हजारांहून अधिक. घोडा नाही, तलवार नाही, विजयाची कमान नाही. युद्धखोरांना ते इतके झोंबले, की शेजारी सैनिकांचा एक पुतळा बसवून घेतल्यावाचून त्यांचे समाधान झाले नाही. १९८२ पासून आई-बाप येऊन त्या भिंतीवरील नावावरून बोट फिरवतात. ही फार मोठी कृती होती. पण त्या भिंतीवर व्हिएतनामच्या मृतांपैकी एकही नाव नाही, आणि ज्यांनी ते युद्ध लादले त्यांचेही नाही. भूतवनातही तसेच झाले. मेलेल्याचा शोक पुरेपूर आहे. मारणाऱ्याची नोंद नाही. कलावंताने खटला चालवावा, अशी माझी मागणी नाही. ते काम पक्षाचे आहे, आणि कलावंताने साक्षीदार समोर आणून उभा केल्यावरही पक्ष जर कचेरीतच बसून राहिला, तर दोष कलावंताला देता येणार नाही.

येथे मी आपल्या जिल्ह्याकडे वळतो.

अलिबाग, पेण, पनवेल आणि उरण या भागांतील खारेपाट ही निसर्गाने दिलेली जमीन नव्हे. चिखलाचे बांध घालून, उघाड्या बसवून, पिढ्यान्‌पिढ्या राबून कुळांनी ती समुद्राकडून मिळवली, आणि मिळवल्यावर खोताने ती आपल्या नावावर लावली. या अन्यायाविरुद्ध २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. सहा वर्षे खोतांची शेते कसली नाहीत. लाकूडफाटा विकून, खाडीतले मासे धरून माणसे जगली, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या लढ्याला पाठबळ दिले आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. कुळांच्या हक्काचे पुढचे कायदे या लढ्याच्या पायावर उभे राहिले. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. वर्धापनदिनाला आपण तो म्हणतो.

पण जी जमीन संपाने मिळवली ती आता खारे पाणी घेऊन जात आहे, आणि याविरुद्ध संप कुणाशी करावयाचा हे आपल्याला उमगत नाही. १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. बांधांची निगा सरकारच्या माथी आली. त्याबरोबर गावाने मिळून बांध राखण्याची जुनी रीत मोडली आणि सरकारी रीत काही पुरतेपणी उभी राहिली नाही. धरमतरच्या खाडीकाठचे शेतकरी सांगतात, की मोठ्या बार्जेसच्या लाटांनी बांध धुपतात. कोठे रेतीचा उपसा, कोठे खेकड्यांची बिळे, कोठे नुसती हेळसांड. मोठ्या उधाणाच्या रात्री खांड जाते. मग अर्ज, पंचनामा, अंदाजपत्रक, निविदा. आणि कागद फिरेपर्यंत दुसरे उधाण येते. जमीन पडीक म्हणून नोंदली जाते आणि पडीक जमिनीला भाव कमी म्हणून दलाल गावात येऊन बसतो.

यापुढची गोष्ट अधिक नाजूक आहे आणि तिच्याविषयी आपण आपसातही मोकळेपणी बोलत नाही. न्यू जर्सीत खाऱ्या पाण्याने जंगल मारले. आपल्याकडे खारे पाणी भात मारते आणि त्या जागी जंगल उगवते. खांड बुजवली नाही, तर काही वर्षांत खाचरात तिवरे रुजतात. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे. ते तोडणे म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असे २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले. शहरातून आलेला निसर्गप्रेमी बांधावर उभा राहतो आणि म्हणतो, केवढी हिरवाई! त्याच बांधावर उभा राहून शेतकरी म्हणतो, ही माझी तीन एकर. त्याच्या सातबाऱ्यावर अजून भात आहे, जमिनीवर जंगल आहे, आणि कुऱ्हाड लावली तर गुन्हा आहे.

या भांडणात पक्षाने कोणती बाजू घ्यावयाची? आपल्यातील काही तरुण साथी कांदळवनाच्या बाजूने बोलतात आणि ग्रामीण साथी त्यांना शहरी म्हणून हिणवतात. मला हे भांडणच खोटे वाटते. खारेपाटाची मूळ मांडणी पाहा. बांधाच्या बाहेर तिवरांची झालर, आत भात. बाहेरची तिवरे लाटेचा जोर मोडीत, म्हणून बांध टिके. बांध टिके म्हणून आतला राता आणि पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या खारे सोसणाऱ्या जाती पिकत. कांदळवन हा बांधाचा राखणदार होता. राखणदार घरात शिरला तो घरधन्याशी वैर म्हणून नव्हे; दार मोडलेले होते म्हणून. तेव्हा मागणी अशी हवी: बाहेरच्या तिवरांना कुणीही, मग तो कारखानदार असो वा बंगलेवाला, हात लावता कामा नये, आणि खांड वेळेत बुजवणे हे सरकारचे बंधन असावे, त्यात कसूर झाली तर शेतात उगवलेल्या जंगलाची किंमत सरकारने कसणाऱ्याला मोजावी. ही मागणी निसर्गाच्याही बाजूची आहे आणि श्रमाच्याही.

परंतु ही मागणी सांगावयाची कशी? मूळ अडचण येथे आहे. आपले नुकसान दिसत नाही. मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्याला पडीक खाचर आणि भरतीचे पाणी हे एक सुंदर दृश्य दिसते. तो मोटार थांबवून छायाचित्र काढतो. ज्यांना लपवावयाचे असते ते तर अंधाराचाच आधार घेतात. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने आरेतील झाडांविषयीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबा म्हणेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. मुंबईची झाडे रात्री तोडली गेली. न्यूयॉर्कमध्ये मेलेली झाडे सहा महिने दिवसाढवळ्या उभी करून ठेवली गेली. या दुसऱ्या गोष्टीचे मोल मला पहिलीमुळे कळते. मरण चव्हाट्यावर आणून ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही भूतवनाची एक मर्यादा उरते. नोव्हेंबरात ते काढले गेले आणि हिरवळ पूर्ववत झाली. लिनबाईंनी प्रकल्पाच्या कर्बवायूचा हिशेब म्हणून शहराच्या पाचही विभागांतील सार्वजनिक उद्यानांत मिळून एक हजार देशी झाडे-झुडपे लावण्याची व्यवस्था केली, हे चांगलेच झाले. मेलेल्या झाडांचे लाकूड वाया गेले नाही. ब्राँक्स या त्या शहरातील सर्वांत गरीब विभागात शाळकरी वयाच्या मुलांना लाकडी होड्या बांधावयास शिकवणारी एक संस्था आहे, तिला ते मिळाले. हे सीडर पूर्वीही होड्यांसाठीच तोडले जाई, हे आठवले म्हणजे या शेवटात मला एक न्याय दिसतो. सहा महिने ज्या झाडांनी शोक केला त्यांनी पुढे पोरांच्या हाताला काम दिले. पण प्रेक्षकाला मात्र काही करावयाचे नव्हते. त्याने पाहावयाचे, हळहळावयाचे आणि घरी जावयाचे.

प्रेक्षकाला घरी जाऊ न देणारी एक रचना चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. तिची माहिती आपल्या कामाची आहे, म्हणून थोडी सविस्तर देतो. जर्मनीत कासेल नावाचे शहर आहे. १९४३ च्या बाँबवर्षावात ते जवळजवळ जमीनदोस्त झाले होते आणि नंतर सिमेंटने पुन्हा उभे राहिले. तेथे दर काही वर्षांनी कलेचे मोठे प्रदर्शन भरते. १९८२ साली योसेफ बॉइस या शिल्पकाराने प्रदर्शनाच्या मुख्य इमारतीसमोरील हिरवळीवर बेसॉल्टच्या सात हजार शिळा आणून टाकल्या. बेसॉल्ट म्हणजे आपलाच काळा पाषाण. सह्याद्री ज्याचा झाला आहे तो. लोक खवळले. शहराच्या तोंडावर हा कसला ढिगारा? बॉइसची अट अशी होती, की शहरात कोठेही एक झाड लावावे आणि त्याच्याशेजारी एक शिळा नेऊन उभी करावी. झाड लावल्याखेरीज शिळा हलवावयाची नाही. ढीग नको असेल, तर सात हजार झाडे लावा!

या अटीतील शहाणपण पाहा. ढीग हा उघड्यावर मांडलेला हिशेब होता. किती काम झाले आणि किती उरले, हे सांगावयास अहवाल नको, सचिव नको. रस्त्याने जाणाऱ्या पोरालाही ते दिसे. झाड कोठे लावावे हे मोहल्ल्यांनी, शाळांनी, नागरिकांच्या मंडळांनी ठरवावयाचे होते. पाचशे मार्क देऊन कुणालाही एक झाड आणि एक शिळा यांचा भार उचलता येई. तरी पैसा कमी पडला तेव्हा हा गृहस्थ एका जपानी व्हिस्कीच्या जाहिरातीत उभा राहिला. ही तडजोड आपल्या शिस्तपालन समितीला खपली असती की नाही, कोण जाणे. बॉइस जर्मनीतील हरित पक्षाच्या स्थापनेच्या वेळच्या मंडळींपैकी होता, त्यामुळे संघटनेचे काम त्याला परके नव्हते. जानेवारी १९८६ मध्ये तो वारला. उरलेली झाडे लोकांनी लावली आणि १९८७ च्या प्रदर्शनात त्याच्या मुलाने शेवटचे झाड लावले तेव्हा हिरवळीवर एकही शिळा उरली नव्हती. रचना पुरी झाली ती दिसेनाशी होऊन. आज कासेलच्या रस्त्यांवर ती झाडे चांगली वाढलेली आहेत.

आता माझा प्रस्ताव मांडतो. त्यावर या वर्गात चर्चा होऊन निर्णय व्हावा.

आपल्या जिल्ह्यातील खारबंदिस्तीला जेवढ्या खांडी गेल्या आहेत आणि बुजवल्या गेलेल्या नाहीत, त्या प्रत्येकीसाठी त्या त्या गावाने आपल्या बांधावरचा एक दगड आणावा आणि अलिबागेत, जिल्ह्याच्या कारभाराच्या नजरेसमोर, त्यांचा ढीग करावा. दगडावर गावाचे नाव, खांडीची तारीख, लांबी हातांत, आणि बुडालेले क्षेत्र. घोषणा नको. खांड बुजली, की गावकऱ्यांनी वाजतगाजत येऊन आपला दगड परत न्यावा आणि बांधावर बसवावा. बुजली नाही, तर दगड तेथेच राहील. नवी खांड गेली, तर नवा दगड येईल.

यावर येणारे आक्षेप मला दिसतात. पोलीस दगड उचलून नेतील. नेऊ देत, किती नेले याची पावती मागावी आणि तितकेच पुन्हा आणावेत. सरकारी आवारात जागा मिळाली नाही, तर रस्त्यालगतच्या आपल्या एखाद्या हितचिंतकाच्या अंगणात ढीग करावा. तो दिसला पाहिजे, एवढीच अट. दुसरा आक्षेप असा, की हा नाटकीपणा आहे. आपले मोर्चेही एक प्रकारचे नाटकच असतात आणि ते दुपारी चारला संपते. निवेदन स्वीकारून साहेब आत गेले, की आपण वडापाव खाऊन एसटी धरतो. ढीग एसटी धरत नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. दगड आणणे सोपे, नोंद ठेवणे कठीण. ज्या खांडीचा गट क्रमांक, तारीख आणि कसणाऱ्यांची नावे लिहिलेली नाहीत तिचा दगड स्वीकारू नये, असे मी सुचवतो. एक खोटा दगड निघाला, तर सगळा ढीग खोटा ठरवण्यास अधिकारी टपलेलेच असतात. नावे लिहिताना सातबाऱ्यावर अवलंबून राहू नये. तेथे बहुधा पुरुषांचीच नावे आहेत. लावणी करणाऱ्या, बांधावर चिखलाच्या पाट्या वाहिलेल्या बायांची नावे वहीत आली पाहिजेत. जे कूळही नव्हते आणि मालकही नव्हते, ज्यांची मजुरीच त्या खाचरावर होती, त्या आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबांचे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. त्यांच्यासाठी वहीत वेगळे पान ठेवावे. तिवरे उगवलेल्या शेतांची नोंदही निराळी करावी आणि त्या कामी आपल्या तरुण निसर्गप्रेमी साथींना सोबत घ्यावे. झाडे कोणत्या वयाची आहेत यावरून खांड किती जुनी हे त्यांना सांगता येईल आणि बांधावरचे बोलणे त्यांनाही ऐकावयास मिळेल.

वहीचे रकाने मी आखून आणले आहेत. चहाच्या सुटीत ते पाहून घ्यावेत. पुढच्या मोठ्या उधाणाआधी निदान पेण आणि अलिबाग या दोन तालुक्यांची यादी पुरी व्हावयास हवी. कोणत्या गावाला कोण जाणार, ते आजच ठरवू.